नऊ सेकंद

"तुम्हाला मित्र तरी किती आहेत, मिस्टर टिंडल?" घरमालकिणीची भूमिका करणाऱ्या बाईंनी हातातल्या कागदावरून वाचलं.

"तुम्हाला धरून?" क्लाइव्ह पार्जिटरने लगेच वाचलं आणि पान उलटलं.

चर्चच्या हॉलमध्ये जमलेली माणसं भिडेखातर हसली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या डेनिस ऑर्मरॉडने काठी जमिनीवर आपटली.

"थांबा."

क्लाइव्ह थांबला. आर्ची टिंडलच्या चाहत्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. रेडिओवरचा हा विनोदी नट जाऊन वीस वर्षं झाली होती. चार हिवाळे कॅसेटी मागेपुढे करून क्लाइव्हने त्याच्या कार्यक्रमाचे भाग ऐकून ऐकून उतरवले होते. सोमवारी त्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. नमुन्याची प्रत टेबलावर होती. मुखपृष्ठावर आर्चीचा फोटो, खाली आर्चीचं नाव. दुसरं नाव नव्हतं.

"काही चुकलं का, ऑर्मरॉडसाहेब?"

"विनोद गाळलात तुम्ही."

"शब्द न् शब्द उतरवलाय मी. कॅसेट लावून दाखवू?"

"नको, आठवून सांगा. तिने विचारल्यावर काय ऐकू येतं?"

"आधी काहीच नाही. मग लोक हसायला लागतात."

"कशाला हसतात?"

"आर्चीला."

"आर्ची तर गप्प आहे."

"तीच तर त्याची करामत." क्लाइव्हचा चेहरा उजळला. "त्याला सगळं तिथल्या तिथे सुचायचं."

डेनिस उठून उभा राहिला.

"तिथल्या तिथे? 'नऊ सेकंद. आर्ची मनात मोजतो आहे.' असं टाइप केलेलं होतं. मी टाइप केलं, लेन फॉसेटने सांगितलं. निर्माता म्हणाला, काढा, लोकांना वाटेल रेडिओ बिघडला. आर्ची म्हणाला, इतका वेळ गप्प राहिलो तर मी मरेन तिथे. मग लेन त्याच्या समोर हात वर करून उभा राहिला. म्हणाला, हा हात खाली यायच्या आत तोंड उघडलंस, तर पुढच्या आठवड्याचं तूच लिही."

"लेन कोण?" मागून कोणीतरी हळूच विचारलं.

डेनिस वळला. "चहाच्या टेबलाशी जाऊन विचारा. दारातून आत आल्या आल्या तुम्ही जिच्या हातात किटली दिलीत ना, ती त्याची बायको."

सगळ्यांच्या माना वळल्या. बेरिल फॉसेट एका कपात दूध घालत होती.

"बस खाली, डेनिस," ती म्हणाली. "लेन जिवंत असताना तरी त्याला कोण ओळखत होतं?"

डेनिस बसला नाही. "पुन्हा वाचा. आणि क्लाइव्ह, तुम्ही माझ्याकडे बघा." त्याने हात वर केला.

"तुम्हाला मित्र तरी किती आहेत, मिस्टर टिंडल?"

क्लाइव्हने तोंड उघडलं. हात वरच होता. त्याने तोंड मिटलं. एक खुर्ची करकरली. क्लाइव्हच्या कपाळावर घाम आला. काय करावं ते न सुचून त्याने छताकडे पाहिलं, एक बोट वर केलं, थोडा विचार केला आणि ते पुन्हा मिटलं. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांग. बेरिल क्लाइव्हकडे पाहतच नव्हती. ती त्या वर केलेल्या हाताकडे पाहत होती.

हात खाली आला.

"तुम्हाला धरून?"

हॉल दणाणून गेला. घरमालकीणबाईंना कागद धरवेना. क्लाइव्ह स्वतःच डोळे पुसत होता. डेनिस तेवढा हसला नाही.

"आर्चीसारखं थांबणारा पुन्हा झाला नाही," तो म्हणाला. "ते मी कुठेही सांगेन. पण कुठे थांबायचं, ते लेनने लिहिलं होतं. शब्द सगळे जमा केलेत तुम्ही, आणि जे लिहायला तो तीन रात्री झोपला नव्हता, तेवढंच टाकून दिलंत."

क्लाइव्हने खाली मान घालून नमुन्याची प्रत उघडली. पेन्सिल त्या दोन ओळींच्या मध्ये टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"पण इथे छापू काय?" तो म्हणाला. "इथे तर काहीच नाही."

बेरिलने किटली टेबलावर ठेवली.

"त्याचं नाव छापा," ती म्हणाली.