अदलाबदल

"कपाट रिकामं करायला आलोय," असं म्हणून निरीक्षक दारातच उभे राहिले.

मातीकामाच्या वर्गात त्या वेळी कुणी नव्हतं. शिक्षिकेने हातातलं फडकं ठेवलं आणि त्यांना आत घेतलं. त्यांची बायको जाऊन महिना झाला होता. एकोणीस वर्षं ती इथे दर सोमवारी यायची. तिचा एप्रन, माती कापायची तार, लाकडी पट्ट्या, सगळं त्या कपाटात होतं.

निरीक्षक वजनमापे खात्यातले, आता निवृत्त. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. पोकळ वजन ते हातात घेताच ओळखत. घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं तर गेलेल्या दुधाचा अंदाज आधी सांगायचे, गॅस नंतर बंद करायचे. बायकोच्या छंदाला ते 'चिखल' म्हणत.

"आज चिखलाला जायचं नाही वाटतं?"

"तुम्हीही चला की. हात भरले की डोकं हलकं होतं."

"माझं डोकं आहे तेवढं बरं आहे."

सोळा वर्षं दर सोमवारी हेच संभाषण झालं. मग तिचे हात थरथरायला लागले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषधं दिली. थरथर वाढतच गेली. तिच्या वाडग्यांच्या कडा कलायला लागल्या, मग ते चाकावरच बसकण मारायला लागले. एके दिवशी ती घरी येऊन काही न बोलता खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी निरीक्षक पहिल्यांदाच या वर्गाची पायरी चढले.

"तिचं हे सुटलं तर ती खचेल हो," ते शिक्षिकेला म्हणाले होते. "काहीतरी करा."

शिक्षिकेने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "काका, तुम्हीच का शिकत नाही? तुम्ही केलेलं भांडं काकूंच्या भांड्याच्या जागी भट्टीत ठेवू. त्यांना कळणार नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडलेल्या माणसाने साठी उलटल्यावर स्वतः लबाडी सुरू केली. बुधवारी फिरायला जातो म्हणून निघायचं आणि इथे येऊन चाकावर बसायचं. पहिले तीन महिने मातीचा गोळा मध्यावर बसेना. शर्टावर डाग पडायचे ते वेगळेच. शेवटी एक वाडगा उभा राहिला. त्यांनी तळाशी बायकोची खूण, नखाने काढलेली चंद्रकोर, कोरली आणि तिचा वाकडा वाडगा मोडून माती भिजवायच्या पिंपात टाकला.

भाजलेलं भांडं ती शनिवारी घरी आणायची. उजेडात धरून फिरवून बघायची.

"कड जाड राहिली," ती म्हणायची. किंवा, "पाणी जास्त झालंय. पुढच्या खेपेला बोटं कोरडी ठेवायला हवीत."

निरीक्षक पेपरात डोकं घालून ऐकत आणि बुधवारी बोटं कोरडी ठेवत. तीन वर्षांत कड पातळ झाली. वाडग्यांवरून ते फुलदाणीवर गेले, फुलदाणीवरून झाकणाच्या बरणीवर. झाकण पहिल्यांदा नेमकं बसलं, त्या दिवशी रस्त्याने येताना त्यांना शीळ घालावीशी वाटत होती. कुणाला सांगणार?

"शेवटपर्यंत मी तिला सांगितलं नाही," आता ते शिक्षिकेला म्हणाले. "दवाखान्यात ती हात धरून बसली होती, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, आता कशाला तिचं समाधान हिरावून घ्या. पण मला झोप लागत नाही. खोट्यावर तिची बोळवण केली मी. माती बघितली तरी नको वाटतं. आता या जागेत पाय ठेवायचा नाही, असं ठरवून आलोय."

शिक्षिकेने फळीवरून दोन वाडगे काढले. एक जुना, काकूंच्या चांगल्या दिवसांतला. दुसरा निरीक्षकांनी केलेला. दोन्ही त्यांच्यासमोर उजेडात धरले.

"आत बोटांच्या रेघा दिसतात? त्या कुठल्या बाजूने चढतात बघा."

त्यांनी पाहिलं. एका वाडग्यात रेघा डावीकडून उजवीकडे चढत होत्या, दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे.

"काकू डावखुऱ्या होत्या. त्यांचं चाक उलटं फिरायचं. तुम्ही उजव्या हाताचे, तुमचं सुलटं. चाकावर बसणाऱ्याला हे एका नजरेत कळतं."

निरीक्षकांनी दोन्ही वाडगे हातात घेऊन पुन्हा फिरवून पाहिले. चौतीस वर्षं तराजू तपासले आणि बायकोच्या डाव्या हाताचा हिशेब राहून गेला.

"म्हणजे पहिल्याच शनिवारी तिला कळलं," ते म्हणाले. "आणि मी फसवतोय हे बघत ती तीन वर्षं गप्प बसली. काय वाटलं असेल तिला?"

"काका, एक सांगायचं राहिलंय. त्यांना दिलेल्या शब्दामुळे आजवर बोलले नाही. ती अदलाबदलीची कल्पना माझी नव्हती."

"मग कुणाची?"

"तुम्ही पहिल्यांदा इथे आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी काकू येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, 'माझे हात तर गेलेच. उद्या मी गेले की हे घरात भिंतीकडे बघत बसतील. शिका म्हटलं तर जन्मात शिकायचे नाहीत. आज मी घरी जाऊन नुसती गप्प बसते, म्हणजे उद्या हे तुमच्याकडे येतील. तुम्ही त्यांना मला फसवायला सांगा.'"