डेपोकडचं वारं

"तुमच्या तोंडानं सांगा, मावशी. संध्याकाळी वास येतो का नाही?" गुरुप्रसादनं विचारलं.

तपासणी अधिकारी असला तरी त्याला स्वतःला काही कळायला मार्ग नव्हता. तो आला होता भर दुपारी. तेव्हा वारं उलट्या अंगाला वाहतं. कुंपणापलीकडच्या तेलाच्या डेपोचा वास वस्तीवर यायचा तो दिवस मावळताना, टँकर भरायला लागले की.

"आधी चहा टाकते," म्हणून नीलम्मा आत गेली.

तिचे मालक महांतप्पा खाटेवर बसून होते. या डेपोपायी त्यांनी किती उंबरे झिजवले याला गणतीच नाही. सुरुवातीला निम्मी तामलवाडी त्यांच्या बरोबर होती. मग कुणाचा भाचा डेपोत लागला, कुणाचं हॉटेल ड्रायव्हर लोकांवर चालायला लागलं, आणि तक्रार करणारे एकटे महांतप्पा उरले. लोक त्यांना तोंडावर पेट्रोलअप्पा म्हणायचे.

त्यात गंमत अशी, की ज्या वासासाठी हा माणूस भांडत होता तो त्याला येतच नव्हता. साथीच्या तापात नवरा-बायको दोघंही अंथरुणाला खिळली होती. उठल्यावर महांतप्पांना पूजेतल्या उदबत्तीचासुद्धा वास येईना. तेव्हापासून ते काम नीलम्माकडं आलं. दिवस मावळला की ती दारात जाऊन उभी राहायची. आत महांतप्पा खोकत असायचे. ती वळून त्यांच्याकडं बघायची आणि म्हणायची, "हाय." ते लगेच फोन लावायचे. साहेबांची गाडी येईपर्यंत वारं फिरलेलं असायचं.

अखेर डेपोला हुकूम झाला. टँकर भरताना उडणारी वाफ ओढून घेणारे पाइप बसले. आता तक्रारदारानं समाधान झाल्याची सही केली की प्रकरण बंद.

महांतप्पांचा जीव अडकला होता तो सहीत नाही, लेकीत. शिवांजलीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्यांनीच अडवून धरलं होतं. "वास हाय तवर तिला इथं आणायची न्हाय. बारक्या जिवाच्या छातीत ही घाण नको," असं त्यांचं म्हणणं. सासरी तिच्याजवळ बाईमाणूस नव्हतं. ती फोनवर रडायची आणि नीलम्माचा जीव तुटायचा.

चहासाठी दूध तापत ठेवून, गॅस बारीक करून नीलम्मा बाहेर आली आणि आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली.

"सांग आता," महांतप्पा म्हणाले. "मी लई दमलोय, खरंय. पर म्हणून खोटं सांगू नगं."

नीलम्मानं त्यांच्याकडं निरखून बघितलं. अलीकडं त्यांचा खोकला जरा उतरला होता.

"न्हाय येत," ती म्हणाली. "पाइप बसल्यापासनं न्हाय."

"अगदीच न्हाय?"

"व्हय वो. गेला वास."

महांतप्पांनी सही केली. इतक्या वर्षांनी जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, त्यांना नुसतं आडवं व्हावंसं वाटलं. गुरुप्रसादनं कागद घेतला, उशीर होतोय म्हणून चहाला नको म्हणाला आणि फाटकापाशी गाडीला टेकून फोनवर बोलत राहिला.

इकडं महांतप्पांनीही लेकीला फोन लावला. "शिवा, ये गं बाई. आता काय बी भ्या न्हाय. तुझ्या अव्वानं सोता सांगितलंय."

पलीकडं शिवांजली हसली, मग रडली, मग उद्याच निघते म्हणाली. नीलम्मा चौकटीला डोकं टेकून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. लेकीची खाट कुठल्या खोलीत टाकायची, डिंकाचे लाडू कधी वळायचे, हे तिच्या मनात सुरूही झालं.

तेवढ्यात गुरुप्रसाद नाकाला रुमाल लावून धावत परत आला.

"मावशी, आत दूध जळतंय! करपल्याचा वास पार फाटकापर्यंत सुटलाय!"

नीलम्मा गोंधळून त्याच्याकडं बघत राहिली. उठलीसुद्धा नाही. गुरुप्रसादनं हातातल्या सहीच्या कागदाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तुम्ही तर दारातच बसलाय," तो म्हणाला. "तुम्हाला वास नाही आला?"