एकोणचाळीस नंबरचा शिक्का

खंडेनवमीच्या सकाळी तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ चढली होती, पण मंदाकिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. काल फाटकाबाहेर युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या मास्तरीणबाईंनी तिला एक फोटो दाखवला होता. परदेशातली कोसळलेली शाळा, आणि ढिगाऱ्यात तोफगोळ्याचा तुकडा. तुकड्यावर आकडा होता, एकोणचाळीस.

तो तिचाच शिक्का. तपासलेल्या प्रत्येक गोळ्यावर ती तो हातोडीनं ठोकायची; त्याशिवाय माल हलत नसे. अकरा वर्षं तिनं तो मोठ्या अभिमानानं ठोकला होता.

आज तिनं तो पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

"गायधनेबाई, आटपा लवकर," साहेब आले. "ट्रक खोळंबलाय. दोनशे गोळ्यांवर शिक्का मारायचाय."

"पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, साहेब."

साहेब चरफडले, पण रीत त्यांच्याही घरची होती. "बरं. दसरा झाला की सकाळी सातलाच ठोकायला बसा."

"येते की. फुलं घेऊनच येते." तिनं शिक्क्यावर आणखी एक फूल ठेवलं. "यापुढं रोज पूजा."