डोंगरावरचं दुखणं

"आई, चढ आता. अंधाराच्या आत घाट उतरायला हवा," एलीसेर म्हणाला. जीपचं इंजिन सुरूच होतं.

म्हाताऱ्या सोइलाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, दुसरा अजून जमिनीवर. मागे तिची बोचकी, गादीची वळकटी आणि गिनीपिगांची टोपली चढवून झाली होती. घराची किल्ली दिराच्या हातात दिली होती. लेक तिला कायमचं न्यायला आला होता. खाली तुमाकोला, समुद्राकाठी.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. या डोंगराळ मुलखात साठी उलटली की माणसं पोटानं जायची. सोइलाचा नवरा तसाच गेला, थोरली बहीण तशीच गेली. आधी घास उतरेनासा व्हायचा, मग अंगावरची लोकरी रुआना ढगळ व्हायची, आणि मग चर्चची घंटा वाजायची. रोगाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. गाव नुसतं 'ते' म्हणायचं. खाली किनाऱ्यावर म्हातारी माणसं तापानं मरत, छातीत कळ येऊन मरत, होडी उलटून मरत. 'ते' तिथं क्वचित. सोइलाच्या पोटात हल्ली जळजळत होतं. फोनवर तिच्या तोंडून निसटलं, आणि एलीसेर गाडी घेऊन दारात हजर झाला.

"जा वहिनी, जा," लिसांद्रो म्हणाला. हा तिचा दीर. "इथली मातीच तशी. आमचं काय व्हायचं ते होईल."

समोर बाजाराच्या चौकात, दवाखान्याच्या दारात एक तरुण डॉक्टरीण वायरींची गुंडाळी करत होती. पोटात नळी घालून बघायचं यंत्र घेऊन ती शहरातून आली होती. बाहेर मांडलेली बाकं सकाळपासून रिकामी होती.

"काय हो डॉक्टरबाई, कोणीच आलं नाही?" सोइलानं पायरीवरूनच विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"न बघितलेलंच बरं," लिसांद्रो मध्येच म्हणाला. "बघायला गेलं की ते जागं होतं."

सोइलानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "मी समुद्रावर राहायला चाललेय. तिथं हे होत नाही म्हणतात. खरं का?"

डॉक्टरीण जीपपाशी आली. तिनं एलीसेरकडे पाहिलं, मग म्हणाली, "तिथं कमी होतं, हे खरं. जन्मापासून तिथं असता तर गोष्ट वेगळी होती. पण सत्तर वर्षं इथं काढलेलं पोट आहे तुमचं. तेही तुमच्याबरोबर गाडीत बसणार."

एलीसेरचं तोंड उतरलं. सोइलानं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"इंजिन बंद कर."

"आई, हट्ट करू नकोस. बाबांना शेवटी पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मी होतो उशाशी. तुझं तसं मला बघवणार नाही."

"तुला बघवत नाही म्हणून मी पळू? आणि पोट कुठं ठेवू? लिसांद्रोकडे, किल्लीबरोबर?"

बाजारातली माणसं हसली. एलीसेर नाही हसला. पण त्यानं इंजिन बंद केलं.

"आज काही खाल्लंय का, आजी?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"छे. घाटात ओकाऱ्या येतात मला. काल रात्रीपासून चूळ तेवढी भरलीय."

"मग चला. आत्ताच बघू."

नळी घशातून उतरताना सोइलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं एलीसेरचं मनगट असं आवळलं, की त्यावर तिच्या नखांचे वण उठले. डॉक्टरिणीनं आतून चिमूटभर तुकडा काढला आणि तपासायला शहरात नेला.

मग वाट पाहणं आलं. बोचकी पुन्हा घरात आली. एलीसेर बाहेरच्या खोलीत झोपू लागला. बटाटे काढायला बोलावणाऱ्या बाया सोइलाला टाळू लागल्या. समोरून येणारे रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. एकदा लिसांद्रो आला, बराच वेळ खाकरला, आणि भावाच्या कबरीशेजारची जागा तिच्यासाठी राखून ठेवू का, म्हणून विचारून गेला. त्या रात्री सोइला उशीत तोंड खुपसून रडली. सकाळी उठून तिनं नेहमीसारखी चूल पेटवली.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरीण परत आली. सोइला लेकाला घेऊन आत गेली. बाहेर बटाट्याच्या पोत्यांपाशी माणसं जमत गेली. विकणं-घेणं थांबलं.

दार उघडलं. पुढे एलीसेर होता. त्याचे डोळे लाल झाले होते. लिसांद्रोनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. बाकीच्या पुरुषांनीही काढल्या. एका बाईनं छातीवर क्रूस केला.

सोइला पायरीवर येऊन उभी राहिली.

"टोपी घाला डोक्यावर, भाऊजी. टक्कल गारठेल."

कोणी हसलं नाही.

"कॅन्सर आहे," ती मोठ्यानं म्हणाली. त्या चौकात हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. "मसुराच्या दाण्याएवढा. पुढच्या आठवड्यात शहरात कापून काढणार आहेत. डॉक्टरीण म्हणते, एवढा लहान तिनं या डोंगरात अजून बघितलाच नव्हता. घास अडेपर्यंत इथलं कोणी तिच्याकडे येतच नाही."

लिसांद्रोची मान खाली गेली. "म्हणजे वहिनी, शेवटी तुम्हालाही तो झालाच."

"आजवर आपल्या माणसांना तो झाला, भाऊजी," सोइला म्हणाली. "मला तो सापडलाय."