वाटीभर डाळिंब
बार्शीच्या डॉक्टरांनी मानसिंगआबांना गोळ्या लिहून दिल्या. वर म्हणाले, "रोज एक डाळिंबही खात जा, हृदयाला चांगलं. बाग तर घरचीच आहे की." "व्हय, तीन एकर हाय," आबा म्हणाले. पण आपल्याला डाळिंब सोलता येत नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं बायकोच दाणे काढून वाटी हातात द्यायची. तिला जाऊन महिना झाला होता. घरी येऊन त्यांनी फळ विळीवर मधोमध कापलं, तर सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. मग एकेक दाणा सोडवत तासाभरानं वाटी भरली आणि चार घासांत संपली. सालीला चिकटलेले पाच-सहा दाणे तेवढे उरले. साल टाकायच्या आधी बायको तेच वेचून वेचून खायची. आबांनी साल टाकली नाही. स्वयंपाकघराकडं बघत त्यांनी विचारलं, "एवढ्यावरच भागायचं व्हय गं तुझं?"