बाळंतपणाची खोली

नौपाड्यातल्या ज्या जुन्या प्रसूतिगृहात मी तीस वर्षं आया होते, तिथेच आता आम्ही नऊ म्हातारे मिळून राहतो. स्वयंपाकघर एक, खोल्या आपापल्या. काल टिपणीस आले. त्यांना मिळाली पूर्वीची बाळंतपणाची खोली. मी आत झाडत होते आणि हे बॅग घेऊन दाराबाहेरच उभे.

"अहो, या की आत," मी म्हटलं.

"तेव्हा तुम्हीच अडवलेलं मला, रंगूबाई. पुरुषांनी आत यायचं नाही म्हणालेलात." ते हसले. मग हळूच म्हणाले, "मुलगी जन्मतःच गेली. मला कोणी दाखवलीसुद्धा नाही. तुम्ही बघितलेली ना? कशी होती हो?"

हजारो बाळं या हातांतून गेली. मला काहीच आठवत नव्हतं. मी खिडकी सताड उघडली आणि उजेडात त्यांचा चेहरा नीट न्याहाळला.

"कान तुमचेच होते," मी म्हटलं. "असेच, जरा पुढे आलेले. आणि हनुवटीवर ही एवढीशी खळी."

टिपणिसांनी हनुवटीला हात लावून बघितला. मग चपला काढून आत आले.