लाल चौकोन

दुरुस्तीवाल्याने आधी इंटरनेटची वायर उपटली. तरी पडद्यावरचा लाल चौकोन हलायला तयार नव्हता. 'तुमच्या संगणकाला गंभीर धोका आहे. ताबडतोब पूर्ण आवृत्ती विकत घ्या.'

"हा अँटिव्हायरस नाहीच," तो म्हणाला. "त्याच्या वेशातला भामटा आहे. स्वतःच आग लावायची आणि स्वतःच पाणी विकायला बसायचं."

"असा धंदा आणखीही काही लोक करत असतील," वकीलसाहेब म्हणाले.

ते त्याच्या मागेच खुर्ची ओढून बसले होते. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण उलटतपासणीची सवय काही सुटली नव्हती. दुरुस्तीवाल्याने बोलणं कानाआड केलं आणि संगणक पुन्हा सुरू केला.

या घरातली ही त्याची तिसरी खेप. दर वेळी तोच लाल चौकोन, दर वेळी नाव तेवढं वेगळं.

"मागच्या वेळी तुम्ही मुळासकट काढलं म्हणाला होता."

"काढलं होतं."

"मग उगवलं कसं?"

"तेच बघतोय."

पासवर्डची चौकट आली. "तोंड तिकडे करा," वकीलसाहेब म्हणाले. दुरुस्तीवाला भिंतीकडे वळला. त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला आणि पुन्हा मागे जाऊन बसले.

वकिलीणबाई चहा घेऊन आल्या. कप टेबलावर ठेवला, पण गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

"तू कशाला थांबलीस?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कप न्यायचाय."

"अजून प्यायला कुठे त्यांनी?"

दुरुस्तीवाल्याने चहाचा एक घोट घेतला आणि काम चालू ठेवलं. भामट्या प्रोग्रामने स्वतःच्या तीन प्रती करून वेगवेगळ्या कप्प्यांत दडवल्या होत्या. त्या त्याने शोधून पुसल्या. संगणक सुरू होताच तो आपोआप जागा व्हायचा, ती सोयही काढून टाकली. मग स्वतःजवळच्या पेन ड्राइव्हवरून खरा तपासणीचा प्रोग्राम लावला. हिरवी पट्टी संथपणे सरकू लागली. ती सरकत असताना त्याने पडद्यावर मशीनच्या नोंदींची खिडकी उघडली, त्यातल्या ओळी वाचल्या आणि परत वाचल्या.

"मंगळवारी सकाळी इथे कोण बसलं होतं?"

वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"का?" त्यांनी विचारलं.

"हे आपोआप आलेलं नाही. मशीनने पुन्हा पुन्हा विचारलंय, खात्री आहे का म्हणून. प्रत्येक वेळी कोणीतरी 'हो' दाबलंय. वर पासवर्डही दिलाय."

"पासवर्ड या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही."

"म्हणूनच विचारलं."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मंगळवारी सकाळी मी फिरायला गेलो होतो," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

वकिलीणबाईंनी पुढे होऊन अर्धा चहा असलेला कप उचलला आणि त्या आत गेल्या.

"चोर घरातलाच निघाला म्हणायचा," वकीलसाहेब पुटपुटले.

"चुकून दाबलं जातं," दुरुस्तीवाला म्हणाला. "त्यात एवढं काही नाही." आतल्या दाराकडे एक नजर टाकून तो परत पडद्याकडे वळला. "एक करतो. मशीनला कुलूप घालून ठेवतो. नवीन काही टाकायला गेलं की सरळ नाही म्हणेल. हा त्रास परत होणार नाही."

"म्हणजे तुम्हाला परत बोलवायला नको."

"नको."

"कधीच?"

"यासाठी तरी नाही."

वकीलसाहेब उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. "कुलूपबिलूप काही नको. मशीन माझं आहे. त्याने मला नाही म्हटलेलं मला चालणार नाही."

"तुमची मर्जी."

पट्टी पूर्ण झाली. पडदा स्वच्छ झाला. दुरुस्तीवाल्याने वायर परत जोडली, पिशवी आवरली आणि निघाला. वकीलसाहेबांनी दार उघडून धरलं होतं. "नीट तपासलंय ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"तपासलंय."

"घाईत काही राहायला नको."

"राहिलं नाही काही," म्हणून तो जिना उतरला.

खालच्या वळणावर मागून पावलं वाजली. वकिलीणबाई कचऱ्याची बादली घेऊन येत होत्या. बादलीत फारसा कचरा नव्हता. दुरुस्तीवाला थांबला. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत दोघंही गप्प राहिले.

"मला पहिल्याच खेपेला कळलं होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कोण टाकतं ते."

"काय कळलं होतं?"

"जाऊ दे. पण हे खेळ आता बास. एक दिवस घरातली सगळी कागदपत्रं जातील त्यात. पुढच्या वेळी नुसती मागची वायर सैल करून ठेवायची. मी येईन."

वकिलीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बादली पायरीवर ठेवली.

"मंगळवारी मी दिवसभर बहिणीकडे होते," त्या म्हणाल्या. "आणि मला ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही."

"मग कोण?"

"गुडघा धरल्यापासून यांचं फिरणं बंद आहे. सकाळी दार लावून त्याच्यासमोर बसतात आणि येईल त्या चौकोनाला हो म्हणत सुटतात. मग बाहेर येऊन मला सांगतात, यंत्र बिघडलंय, दुरुस्तीवाल्याला फोन लाव."

त्याच्या खांद्यावरून घसरलेला पिशवीचा पट्टा त्यांनी हाताने वर सारला.

"घरातून घालवून दिलेल्या पोराला परत ये म्हणायला तुझ्या बाबांना दुसरं काही सुचत नाही रे."